मेढीपुरती जागा

डांबराचा डंपर दुपारच्या आत येणार हे निश्चित झाल्यापासून अनंताने अंगणात इतक्या फेऱ्या घातल्या होत्या, की अखेर माधवीने ओटीवरून त्याला विचारले, आपण डांबर अंथरणार आहोत की त्याची वरात काढणार आहोत. पत्नीच्या विनोदाला उत्तर देण्याइतके त्याचे अंतःकरण त्या सकाळी मोकळे नव्हते.

रस्त्यापासून घराच्या पायरीपर्यंतची ती वाट अनंताचे वडील चांगदेव हयात असताना केवळ पायवाट होती. भाताचे भारे वाहणारी माणसे, गोठ्याकडे परतणारी गुरे आणि पावसाळ्यात घोट्याच्या वर चढणारा चिखल, याहून अधिक काही तिने पाहिले नव्हते. पुढे चांगदेवांच्या माघारी वाटणी झाली. घर थोरल्या अनंताकडे आले, रस्त्यालगतचा तुकडा धाकट्या भूपेशकडे गेला, आणि अंगणाविषयी कोणी काही बोललेच नाही. अंगण वाटण्याची वस्तू आहे हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानातच आले नसावे. भूपेशने आपल्या तुकड्यावर गोदाम उभारले, ते भाड्याने दिले आणि तो काल्हेरला इमारतीत राहावयास गेला. अनंताने टेम्पो घेतला. दिवसभर काल्हेरच्या गोदामांतून माल उचलून तो दुकानोदुकानी पोचवणारा हा टेम्पो रात्री मात्र स्वतःच्या घरी येऊ शकत नसे. गेल्या पावसाळ्यात तो अंगणात असा रुतला होता, की त्याला बाहेर काढण्यासाठी ट्रॅक्टर आणावा लागला. आणि रस्त्यावर उभा ठेवावा, तर त्याची बॅटरी चोरांनी उचलून नेली.

म्हणून डांबरी वाट करावयाची असे ठरले. ठेकेदाराला बोलावून विचारले असता त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून अनंता म्हणाला होता, की तेवढ्यात मी टेम्पो डोक्यावर घेऊन घरात आणीन. तेव्हा मितेश पुढे झाला. मितेश हा त्यांचा मुलगा. काल्हेरच्या एका गोदामात शिफ्टवर काम करी. लोक आपल्या घरापुढची डांबरी वाट स्वतःच्या हातांनी, थोडक्या खर्चात कशी करतात, हे तो कित्येक रात्री मोबाइलवर पाहत होता.

"पप्पा, डांबर फक्त वरचं हाय," तो म्हणाला होता. "खरं काम खालचं. खालचं आपण केलं तर ठेकेदाराला कशाला द्यायचं?"

खालचे काम बाप-लेकांनी खरोखरीच निष्ठेने केले. वरची काळी माती खरवडून काढली, मुरूम भरला, त्यावर खडी पसरली, पाणी मारून ती दाबली. घराकडून रस्त्याकडे उतार राहावा म्हणून दोरी बांधून पुनःपुन्हा पाहिले. गुरे विकल्यापासून रिकामा पडलेला गोठा पाडून त्याच्या विटा वाटेच्या दोन्ही कडांना उभ्या लावल्या, म्हणजे डांबराची कड ढासळू नये. एका रस्त्याच्या कामावर उरणारे गरम डांबर-खडीचे मिश्रण स्वस्तात मिळण्याची सोय मितेशने लावली. राहिला प्रश्न रोलरचा. तो गावच्या क्रिकेट मंडळाने सोडवला. मैदानाची खेळपट्टी दाबण्याचा मंडळाचा लोखंडी रोलर होता, आत सिमेंट भरलेला, चार-पाच तरण्यांनी ओढावा असा. मंडळाने तो मोठ्या मनाने दिला. कारण त्या दिवशी संघाचा अंतिम सामना दुसऱ्या गावी होता आणि मैदानावर रोलरचे काम नव्हते.

या योजनेतील चूक सकाळी आठ वाजता उघड झाली. मितेश रोलर ओढायला पोरे बोलवायला गेला आणि एकटाच परत आला. ज्या कारणाने रोलर मोकळा होता, त्याच कारणाने तो ओढणारे सारे हात गावाबाहेर गेले होते. दिघाशी गावात त्या दिवशी मितेश सोडला तर म्हातारे, बायका आणि क्रिकेटचा कंटाळा करणारा अनंता, एवढेच काय ते उरले होते.

"आता?" माधवीने विचारले.

मितेशने बापाकडे न पाहता सांगितले, की त्याने काकांना फोन केला आहे, आणि काका येत आहेत.

अनंताने हातातले फावडे विटांच्या कडेला टेकवून ठेवले. त्याचा चेहरा पाहून मितेश विहिरीकडे पाणी भरायला निघून गेला.

दोन भावांमध्ये भांडण झाले होते असे म्हणता येणार नाही. भांडण झाले असते तर ते मिटले असते. भूपेशची मुलगी रुचिका हिचे लग्न ठरले होते, आणि त्या घरातील पुढच्या पिढीचे ते पहिलेच लग्न होते. लग्न काल्हेरच्या लॉनवर व्हावयाचे, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. परंतु आदल्या दिवसाचा मांडव आणि हळद कोठे, हा प्रश्न महिनाभर दोन्ही घरांच्या मध्ये उभा होता. भूपेशला वाटे, दादाने म्हणावे की मांडव आपल्या अंगणात घाल. अनंताला वाटे, त्याने येऊन विचारावे. रस्त्यालगतचा तुकडा घेताना ज्याने विचारले नाही, त्याला अंगण आपणहून का द्यावे, हा विचार अनंताच्या मनात येई, आणि आला की तो स्वतःवरच नाराज होई. तथापि विचार जात नसे. खरे सांगावयाचे तर, मुरूम भरताना प्रत्येक घमेल्यासरशी हे अंगण आपले होत आहे, असे एक समाधान त्याला लाभत होते. आणि त्या समाधानाकडे तो नीट पाहत नव्हता.

रुचिकाची गाडी प्रथम आली. ती आजीला आणावयास वज्रेश्वरीला गेली होती. हौसाबाईंचे गुडघे दुखत, म्हणून माधवीने त्यांना आठवडाभर तिथे त्यांच्या बहिणीकडे धाडले होते, कुंडाच्या गरम पाण्याने शेक मिळावा म्हणून. म्हणजे जे काही खणणे-भरणे झाले, ते त्यांच्या माघारी झाले होते.

हौसाबाई गाडीतून उतरल्या, आणि वाटेच्या कडेशी थांबल्या. गोठा नाही. त्याच्या कोपऱ्यावरचा जुना खांब नाही. तुळस तर टेम्पो वळावा म्हणून गेल्याच वर्षी विहिरीकडे सरकली होती. जिथे त्यांनी सारे आयुष्य शेणाने सारवले, तिथे आता राखाडी खडी होती. त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी पाय खडीवर ठेवला.

"आजी, टोचेल," रुचिका म्हणाली.

"टोचंना. मना मेढीची जागा दाखव, अनंता."

लग्नाआधी उंबराची फांदी अंगणात रोवतात आणि तिच्या आधाराने मांडव उभा राहतो, हे तर सर्वांच्याच घरी असते. परंतु चांगदेवांच्या घरी त्या मेढीची जागा ठरलेली होती. चांगदेवांच्या वडिलांनी ती ठरवली. एक भोकाचा तांब्याचा पैसा होता. मेढ रोवताना तो तळाशी ठेवीत, लग्न झाल्यावर मेढ काढून पैसा तिथेच पुरून ठेवीत, आणि पुढच्या लग्नाला खणून त्याच पैशावर नवी मेढ उभी करीत. शेवटची मेढ भूपेशच्या लग्नात रोवली गेली होती, आणि थोरला भाऊ या नात्याने ती अनंताने रोवली होती.

अनंता म्हणाला, की हल्ली डब्यात वाळू भरून मेढ रोवतात. काल्हेरच्या इमारतींत सगळे तसेच करतात. शास्त्राला ते चालते असे भटजीही सांगतात. तो हे सलग बोलला, जणू पाठ केले होते.

हौसाबाईंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "डबा इमारतीतल्या मानसांना बरा हाय रे. त्यांना जमीन न्हाय. आपल्याला काय झालं?"

रुचिकाने अनंताकडे, आपल्या मोठ्या बाबांकडे, पाहिले आणि अगदी हळू सांगितले, की पत्रिका छापायची राहिली आहे ती एवढ्याचसाठी. हळदीचे ठिकाण संध्याकाळपर्यंत प्रिंटरला कळवायचे आहे. पप्पा रोज मोबाइल हातात घेतात आणि खाली ठेवतात.

तेवढ्यात रस्त्यावर भूपेशची मोटार थांबली. ती त्याने खडीवर आणली नाही, रस्त्याच्या कडेलाच लावली. पांढरी पँट, पांढरे बूट. कोणाच्या तरी साखरपुड्यावरून तो थेट आला होता. वाटेच्या टोकाशी उभा राहून त्याने खडी, विटा, उतार असे सारे निरखले.

"काम चांगलं केलंस, दादा," तो म्हणाला. "पाहुण्याला आधी चहा मिळणार, का आधी रोलर?"

"पाहुन्यानं पांढरे बूट घालून यायचं नसतं," अनंता म्हणाला.

"पाहुण्याला कुणी सांगितलंच न्हाय का अंगणात काय चाललंय ते. पुतण्यानं सांगितलं, ते पण आज."

माधवीने चहा आणला. तो कोणी बसून प्याले नाही. भूपेशने आईचे गुडघे कसे आहेत ते विचारले. आईने गुडघ्यांचे काही न सांगता मेढीच्या जागेचे सांगितले. तेव्हा भूपेशच्या चेहऱ्यावर जे आले, ते अनंताने पाहिले. तो राग नव्हता. ज्याची आपल्याला आधीपासून खात्री होती असे काहीतरी अखेर डोळ्यांनी दिसल्यावर माणूस जसा शांत होतो, तसा तो शांत झाला.

"राहू दे, आई," तो म्हणाला. "लॉनवर डब्यात रोवू. लॉनवाला सगळं देतो. उंबर पण देतो."

हे तो कोणालाही टोचून बोलला नाही, आणि म्हणूनच ते अनंताला अधिक लागले.

पुढे काही बोलणे व्हावे, त्याआधी डंपर आला. उलटा वळत, पींपीं वाजवत तो वाटेवर आला आणि त्याच्या मागच्या झडपेतून काळे, चकाकते, वाफाळणारे मिश्रण ढिगांनी खाली आले. त्याच्या वासाने डोळे चुरचुरले. ड्रायव्हरने काचेतून डोके काढून बजावले, "जल्दी करो सेठ, ठंडा हुआ तो फिर सब्बल से भी नहीं हिलेगा," आणि तो निघून गेला.

गरम डांबराचा एक मोठा गुण असा, की ते कोणाचा मान पाहत नाही. भूपेशने घड्याळ काढून रुचिकाकडे दिले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि फावडे उचलले. घराच्या पायरीपासून आरंभ झाला. मितेशने तेवढ्याच पट्ट्याच्या खडीवर पातळ डांबर शिंपडून ठेवले होते, त्यावर अनंता आणि भूपेश फावड्याने मिश्रण टाकीत, मितेश दंताळ्याने ते सारखे करी. मग तिघे मिळून रोलरच्या दांड्याला लागत. कडेकडून मध्याकडे, मध्याकडून पुन्हा कडेला. रोलरला डांबर चिकटू नये म्हणून रुचिका त्याच्यावर तांब्याने पाणी ओतीत चाले, आणि ते पाणी चुरचुरत वाफ होऊन उडे. दोघे भाऊ एका दांड्याला खांदा लावून ओढीत होते. बोलत नव्हते, परंतु कधी थांबावे, कधी वळावे, हे दोघांना न सांगता कळत होते. लहानपणी याच अंगणात भाताच्या कणग्या सरकवताना ते असेच जुंपले जात.

पायरीपाशी एक पट्टा पुरा झाला. काळा, सपाट, ओला दिसणारा. माधवीने ओटीवरून तो पाहिला आणि तिच्या तोंडून सहज निघाले, की बाई, घर वेगळेच दिसते.

पुढच्या पट्ट्यावर हौसाबाई उभ्या होत्या.

त्या केव्हाच्या खडीवर फिरत होत्या. तुळस असती तर तिला पाठ लावून उभे राहता आले असते. गोठ्याचा खांब असता तर डाव्या हाताला तो धरता आला असता. दोन्ही खुणा नव्हत्या. त्या दरवाजाकडे तोंड करीत, दोन पावले सरकत, डोळे मिटून तळपायाने चाचपत, पुन्हा सरकत. मऊ जागा पायाला लागेल अशी त्यांना आशा होती. खडीत सगळेच सारखे कठीण होते.

"आई, बाजूला हो, डांबर निवतंय," अनंता म्हणाला.

"निवू दे. मना सापडली का होते बाजूला."

अखेर त्या वाटेच्या डाव्या कडेशी, विटांच्या जवळ थांबल्या. पाय घट्ट रोवला. त्यांच्या चेहऱ्यावर इतके समाधान पसरले, की रुचिका हसली.

"हितं," हौसाबाई म्हणाल्या. "हीच. एवढी मेढीपुरती सोडा, बाकी तुमचं डांबर काय टाकाचं ते टाका."

मितेशला तर हायसेच वाटले. कडेलाच आहे, तो म्हणाला, काही त्रास नाही. टेम्पो मधून जाईल. भूपेशही खाली वाकला आणि खडूसारखा एक मुरमाचा तुकडा घेऊन आईच्या पायाभोवती गोल ओढू लागला. पांढऱ्या पँटीचे गुडघे काळे झाले, त्याकडे त्याचे लक्ष नव्हते.

अनंता फावड्यावर रेलून उभा होता.

ती जागा नव्हती. हे त्या अंगणात एकट्या त्याला ठाऊक होते. मितेश ड्युटीवर गेला असता एका दुपारी खणताना कुदळ एकदम दांड्यापर्यंत आत गेली होती. तिथली माती लोण्यासारखी. पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा उकरली आणि भरली गेली होती, दुसरे काय होणार. मातीतून तो भोकाचा पैसा वर आला. अनंता तो हातात घेऊन कितीतरी वेळ बसला होता. मऊ जमीन ठेवली तर वरचे डांबर खचते, ती खोल खणून दगडांनी भरावी लागते, असे मितेशने पुनःपुन्हा सांगितले होते, आणि ते खरेच होते. अनंताने सबंध वाटेत सर्वांत खोल तेथे खणले, आणि सर्वांत मोठे दगड तेथे भरले. जी जागा सर्वांत मऊ होती, तीच आता सर्वांत कठीण झाली होती. पैसा त्याने टेम्पोत देवाच्या तसबिरीखाली ठेवला. फेकणे त्याच्याने झाले नाही, आणि सांगणेही.

आता काही न बोलणे किती सोपे होते. आई समाधानी होती. भाऊ गोल ओढीत होता. मुलीचा मांडव अंगणात पडला असता, कडेच्या खड्ड्यात मेढ उभी राहिली असती, कोणालाही कधीही कळले नसते. आणि खरी जागा कोठे होती? वाटेच्या ऐन मध्याजवळ, टेम्पोचे उजवे चाक रोज जिथून जाणार, तिथे. ती सोडायची म्हणजे इतक्या कष्टाने केलेल्या वाटेच्या पोटात आपल्याच हाताने भोक पाडायचे.

पण भूपेशने आईचा पाय अलगद उचलून गोल पुरा केला, आणि स्वतःच्याच समजुतीसाठी म्हणावे तसे म्हणाला, "माझ्या लग्नाची बी हितंच होती तर."

अनंताने फावडे टाकले.

"हितं न्हाय," तो म्हणाला.

सगळ्यांनी वर पाहिले. अनंता चालत पाच-सहा हात मध्याकडे आला आणि एका ठिकाणी उभा राहिला. त्याला चाचपावे लागले नाही.

"हितं हाय. तुझी मेढ मीच रोवलीय, मना ठावं न्हाय काय?"

हौसाबाई म्हणाल्या, त्यांचा पाय खोटे सांगणार नाही. अनंता रस्त्यावर टेम्पोपाशी गेला, आणि परत आला तेव्हा त्याची मूठ मिटलेली होती. ती त्याने आईच्या पुढ्यात उघडली.

हौसाबाईंनी पैसा उचलला नाही. बोटाने नुसता उलटा केला. भोकातून त्यांना आपल्या मुलाचा घट्टे पडलेला तळहात दिसला.

"म्हंजे खनताना सापडला," त्या म्हणाल्या.

"हां."

"आणि तू दगड भरलास."

"हां."

"आणि मना उन्हात गरागरा फिरू दिलीस."

यावर अनंताने मान खाली घातली. भूपेश उठून उभा राहिला होता. त्याने एकदा पैशाकडे, एकदा डाव्या कडेच्या त्या सोयीस्कर गोलाकडे आणि मग भावाच्या पायाखालच्या जागेकडे पाहिले. गोष्ट त्याच्या ध्यानात आली. आपला भाऊ गप्प राहू शकला असता, हे त्याला कळले.

"दादा," तो म्हणाला, "डांबर टाकतोयस कळलं, तवा मला वाटलं आता अंगण संपलं. ते तुझं झालं."

"माझ्या मनात तसंच होतं," अनंता म्हणाला.

विहिरीकडे रहाटाची दोरी वाऱ्याने हलत होती. ढिगातून वाफा निघत होत्या.

माधवीने ओटीवरून उतरून टेम्पोची ताडपत्री ओढत आणली आणि मितेशच्या मदतीने ती गरम ढिगावर पसरली, कडा विटांनी दाबल्या. भाकरीची उकड निवली की तिची भाकरी होत नाही, ती फडक्याखाली झाकून ठेवावी लागते. हे काळे पीठही तसेच असणार, असे तिचे म्हणणे होते.

"झाकलंय," ती म्हणाली. "आता तुमचं काय ते लवकर उरका, भाऊजी. उकड लई वेळ थांबत न्हाय."

मग जे काम झाले, त्याला घाईचे म्हणावे की प्रायश्चित्ताचे, हे अनंताला कधी ठरवता आले नाही. पहारीने त्याने ती जागा उचकटली. स्वतःच दाबून बसवलेले दगड स्वतःच काढले. ते निघता निघेनात, इतके नेटके बसले होते. भूपेश हाताने एकेक दगड उचलून बाहेर देत होता. खड्डा मोकळा झाल्यावर त्याच्या तोंडाला काय बसवावे, हा प्रश्न आला. नुसता खड्डा ठेवला तर डांबर आत ढासळणार. मितेशने टेम्पोची एक जुनी, वाकलेली रिम गोठ्याच्या सामानातून शोधून आणली. ती खड्ड्याच्या तोंडावर अशी चपखल बसली, की भूपेश म्हणाला, बाबांनी पाहिली असती तर म्हटले असते, आजोबांनी जागा ठरवली तेव्हाच हिचा विचार केला होता.

ताडपत्री काढली, तेव्हा ढिगाची कडा घट्ट झाली होती, परंतु पोटात अजून ऊब होती. कडेचे वाया गेले; त्याचे कोणाला दुःख झाले नाही. रिमभोवती रोलर जाऊ शकत नव्हता, तिथे अनंताने धुमसाने हाताने ठोकून डांबर बसवले. बाकीच्या वाटेवर रोलर चालला, आणि रिमपाशी आला की दोघे भाऊ दांडा तिरका करून त्याला वळसा घालीत. त्या वळशांमुळे वाट तिथे थोडी उंच-सखल झाली. आजही आहे.

ऊन उतरता उतरता रस्त्यापर्यंतचे शेवटचे फावडे पडले. भूपेशचे पांढरे बूट आता बूट राहिले नव्हते. तो ओटीच्या कडेवर बसला आणि वहिनीला म्हणाला, की आता पाहुण्याला चहा मिळण्याइतपत काम झाले असावे. माधवीने त्याला उत्तर दिले, की पाहुणा कोण, पाहुण्याला मी असल्या काळ्या कपड्यांनी ओटीवर बसू देणार नाही.

अनंता समोर उभा होता. त्याला विचारायचे होते, आणि विचारण्याचे शब्द त्याच्यापाशी कधीच नव्हते.

"रुचीचा मांडव हितं घालाचा," तो म्हणाला. "प्रिंटरला सांग."

"तू विचारतोयस का सांगतोयस?"

"तुला काय पाहिजे ते समज."

भूपेशने रुचिकाकडे हात केला. तिने मोबाइल दिला. महिनाभर ती याच क्षणाची वाट पाहत होती, पण त्याचे तिने मुळीच प्रदर्शन केले नाही. फक्त आजीशेजारी जाऊन बसली. भूपेशने प्रिंटरला ठिकाण सांगितले, घराचे नाव सांगितले, आणि मध्येच थांबून भावाकडे पाहिले. निमंत्रकांत पहिले नाव कोणाचे, असे पलीकडून विचारले असावे.

"अनंता चांगदेव," तो फोनमध्ये म्हणाला. "मोठा तोच हाय."

हौसाबाईंना गार झालेल्या कडेने चालवत नेले. त्यांनी पदरात तुळशीखालची माती आणली होती. रिममधून हात घालून त्यांनी पैसा तळाशी ठेवला आणि वरून ती माती सोडली. मूठ-मूठ, घाई न करता. मग हात झाडून म्हणाल्या, "तुझ्या डांबरानं हात काळं झालं न्हायत हां, अनंता," आणि मुलाने पुढे केलेला हात धरून उठल्या.

डांबर पुरते घट्ट होईस्तोवर टेम्पो रस्त्यावरच राहिला. ज्या सकाळी तो प्रथमच घराकडे निघाला, त्या सकाळी मितेश शेजारच्या सीटवर बसला होता. फाटकातून चाके वाटेवर चढली, तेव्हा आवाज असा आलाच नाही. मुलाने बापाकडे अभिमानाने पाहिले. अनंता मात्र पुढे पाहत होता. अंगणाच्या मध्याशी मातीने भरलेली ती लोखंडी कड आली, तसे त्याने स्टिअरिंग किंचित डावीकडे घेतले, आणि पुढे गेल्यावर परत सरळ केले.

"मध्ये कशाला वळलात?" मितेश म्हणाला. "माती दाबलेली हाय, चाक गेलं असतं वरून."

अनंताने टेम्पो पायरीशी उभा केला. घरात कोणी जेवायला बसले असता, वाट कितीही रुंद असली तरी माणूस त्याच्या ताटाला वळसा घालूनच जातो. हे पोराला शब्दांत कसे सांगावे, ते त्याला उमगले नाही. त्याने इंजिन बंद केले. संध्याकाळी बाहेर पडताना मितेशने स्टिअरिंग हाती घेतले, आणि अनंता त्या जागेकडे पाहत बसला. तिथे आल्यावर मितेशनेही तिला किंचित वळसा घातला.